अंगावरून गेलेला ताप

पिंपरी, सप्टेंबर १९५८

प्रिय अंबू,

ताईचं अक्षर एवढं वाकडं कसं, म्हणून हसू नकोस. मच्छरदाणीत आडवी पडून, पाटावर कागद ठेवून लिहितेय. पायसुद्धा बाहेर काढायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. डाललेल्या कोंबडीसारखी मी जाळीतून बघत असते. दाराशी ओळीनं भरून ठेवलेली पाण्याची पिंपं, समोरच्या कनीजभाभींची कपडे वाळवायची दोरी, आणि उंबऱ्याबाहेरून पेजेची वाटी काठीनं आत ढकलणाऱ्या माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई.

ताप तोच, आपला, हाडमोड्या. भवानी पेठेतल्या खोलीत आपण दोघी एका गोधडीवर पडलो होतो, आठवतं? माझी हाडं जात्यात घातली, म्हणून तू रडायचीस आणि आई आपल्या पोटऱ्यांना फडकी आवळून बांधायची. उठून बसलो तेव्हा ती शेजारणींना सांगत सुटली, पोरींच्या अंगावरून गेला, आता परत नाही यायचा. गोवर-कांजिण्यांचं तसं असतं, मग याचंही तसंच, असं सगळ्यांनी धरून चाललं.

यंदा आमच्या वसाहतीत हा ताप शिरला आणि मी सहज ते बोलून गेले. झालं, आत्याबाईंनी पदर खोचला. "आमच्या इंदीच्या अंगावरनं गेलाय त्यो, तिला न्हाई शिवायचा," म्हणून दारोदार सांगितलं. देवीच्या रोग्यापाशी देवी येऊन गेलेलं माणूस बसवतात ना, तशी मला बसवली. खरं सांगू? आधी बरं वाटलं. लग्न होऊन आल्यापासून शहरची, नाजूक, असे टोमणे ऐकत होते, आता तीच माणसं मला न्यायला यायची. पण मग सुटका राहिली नाही. एका घरातून निघावं तर दुसऱ्या घरचं माणूस दारात उभं. नाही म्हणायला तोंडच नव्हतं, कारण मला तर काही होणारच नव्हतं! भर दुपारी पिंपांपाशी बसून मी कपाळावरच्या पट्ट्या पिळायचे आणि डास मला फोडून काढायचे.

एका सकाळी माझेच डोळे ठणकायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, दमलीस. मीही तेच म्हटलं, दुसरं काही मनातसुद्धा आणवेना. ताप चढला, मग उतरला, सगळ्यांनी हुश्श केलं. आणि त्याच दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. बांगड्या वर सारल्या तर खाली लाल ठिपके. हे कारखान्यातून धावत आले. गंमत बघ, हे दिवसभर औषधाच्या बाटल्या भरतात, अख्ख्या देशाला त्या जातात, आणि माझ्या तापाला त्यातला एक थेंब चालत नाही. याच्याशी अंगालाच झुंजावं लागतं म्हणे.

चिंचवडच्या डॉक्टरांशी मी भांडलेच. अंगावरून गेला होता तर परत आलाच कसा? त्यांनी बसून समजावलं. एकदा आजार भेटला की अंग त्याची ओळख ठेवतं, तो पुन्हा आला की रक्त त्याला धरून मारतं. पण हा ताप एकटा नाही, भावंडांचा आहे. लहानपणी एक आला होता, आत्ता दुसरा. तोंडवळा सारखा, म्हणून माझं रक्त याला धरायला धावलं, पण जुनी पकड याला पुरी बसली नाही. धरायला गेलं आणि उलट त्यालाच हात धरून घरात घेऊन आलं, म्हणून दुसऱ्या खेपेला जास्त जड जात असावं. पुस्तकात अजून हे नाही, माझा आपला अंदाज, असंही ते म्हणाले. मला रडूच कोसळलं गं. ज्याच्या जोरावर सगळ्यांनी मला पुढं केलं, तेच माझ्यावर उलटलं. घरातून पळता येईल, आपल्या रक्तातून कुठं पळू?

हा ताप शिवल्यानं होत नाही, दिवसा चावणाऱ्या डासांनी होतो, पिंपं ओतून टाका, असं त्यांनी आत्याबाईंनाही सांगितलं. "पानी सांडू? आन् उद्या नळ न्हाई आला म्हंजी?" पिंपं आहेत तिथंच आहेत. ठिपके पोटावर उतरलेत. मला पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आत्याबाईंनी ह्यांच्याकडून तुझ्या सासरी कार्ड घातलंय, की घरात करायला कुणी नाही, अंबूच्याही अंगावरून ताप गेलाय, तिला बिनघोर पाठवा. ते पोचायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून कनीजभाभींच्या युनूसभाईंकडे देतेय, ते ट्रक दुरुस्त करायला तुमच्या तळेगावलाच निघालेत. अंबू, तू येऊ नकोस. एका गोधडीवर आपण तीच ओळख रक्तात घेतली, आणि तुझं बाळ अजून अंगावर पितंय. सासरचे जा म्हणतील, हे स्वतः न्यायला येतील, तरी येऊ नकोस. माझं बरंवाईट कळलं तरी या पिंपांच्या दारात पाय ठेवू नकोस. कपाळावर तुझा हात हवा आहे गं, फार हवा आहे. तो बाळाच्या अंगावरच राहू दे.

तुझीच, तुला दारातून परतवून लावणारी,
इंदुताई