हातांचे फोटो

४ मार्च
…आणि तरी कात्री म्हणतेच, "हातांचे फोटो काढून काय होणार, बाई?" बाई! ती माझ्या आईपेक्षा मोठी. कोळंबी सोलण्यात तिच्या नखाला तोड नाही, म्हणून सगळी शेड तिला कात्री म्हणते. मी मावशी म्हणते.
पुरुष क्रेट उचलतात, त्यांना मजुरी जास्त. का? साहेब म्हणतात, "जड काम आहे ते." मग दिवसभर बर्फात बोटं घालून बसणं हलकं? कंपनीने मला 'महिला विकास अधिकारी' म्हणून घेतलंय ना, मग करूनच दाखवते विकास!

५ मार्च
हात पाहिले. बापरे. भेगा, काटे टोचलेले, रक्त. हातमोजे घातले की साल निसटतं, म्हणून कुणीच घालत नाही. कात्री सकाळी मेणबत्ती वितळवून भेगांत मेण भरते, वर तेलाचं बोट. "झोंबत नाही मग. कुणाला सांगू नकोस हं." शेजारी बसलेली तिची सून — "सासूबाई, चुलीपाशी जाऊ नका, पेटाल!" काय हसलो सगळ्या!
शेवटी तयार झाली. मेण काढून हात पुढे केले. "काढ. पण पुरुषांइतकी मजुरी मिळवून दे. नाहीतर सूनच मला पेटवेल."

९ मार्च
पोस्टर भारी झालंय!! कात्रीचे दोन हात, एकदम जवळून. खाली — 'तुमच्या ताटातली कोळंबी या हातांनी सोलली. मग मजुरी कमी का?'
साहेबांना विचारलं नाही. विचारलं की नाही म्हणतात. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीला सरळ पाठवून दिलं. वाट बघणं म्हणजे शिक्षा आहे!

१२ मार्च
उत्तर आलं. एकच ओळ. 'हे हात आमच्या मालाला लागतात?'

१३ मार्च
साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. माझ्यासाठी चहा मागवला. "डोळे उघडलेत आमचे." नवा नियम — जखमी हात आत येणार नाही. गेटवर तपासणी. पुरुषांना नाही, ते क्रेटला हात लावतात, मालाला नाही.
अर्धी शेड घरी गेली. कात्रीची सूनसुद्धा. कात्री आज आलीच नव्हती, ताप होता म्हणे. वाचली.
सून जाताना म्हणाली, "मॅडम, आता माझ्याही हातांचा फोटो काढा. रिकामे आहेत."
चहा अर्धा राहिला.

१४ मार्च
साहेब — "या बायकांचे हात तुमच्याइतके कुणी बघितलेत? गेटवर तुम्हीच बसा."
हो म्हटलं. मी बसले तर थोडं सांभाळून तरी घेता येईल. दुसरं कुणी बसलं तर संपलंच. आणि नोकरी मलाही हवीय. आई खूश आहे, पोरगी चिकटली म्हणून.

१७ मार्च
कात्री रांगेत आली. हात पुढे केले. गुळगुळीत. तेलाची चकाकी. माझ्याकडे बघून बारीक हसली, आमच्या दोघींचंच असल्यासारखं.
साहेब मागे उभे होते.
मी नखाने मेण खरवडलं. रक्त आलं.
"मावशी, बाजूला व्हा."
सगळ्याजणींना एकच नियम लावला, कुणालाही सूट नाही. समानता म्हणजे हेच ना? डायरी, तूच सांग — काय चुकलं माझं?