पाठकोरी पुरवणी

३ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. आपल्या हातून मोठी कामं व्हावीत आणि त्यांची नोंद राहू नये, हे बरं नाही. परीक्षा मंडळाच्या सुधारणा कक्षाचा मी उपसचिव. माझी पहिली सुधारणा काल मंजूर झाली : पुढच्या वर्षापासून पुरवण्या बंद. मुलं जादा कागद मागतात, उत्तरपत्रिकेला दोऱ्यानं बांधतात, तो सुटतो, मग बोंबाबोंब. आता एकच शिवलेली जाडजूड वही. सुटं काही ठेवलंच नाही, तर हरवणार काय?

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जिथे येतात-जातात त्या खोलीत कोऱ्या पुरवण्यांचा ढीग पडलाय. शिपायाला म्हटलं, एक गठ्ठा बांध, घरी न्यायचाय. एकेक उलटून बघू का साहेब, म्हणाला. म्हटलं, वरवर बघ, ऑफिसचा वेळ फुकट घालवू नकोस. कागद झकास आहे. पुढच्या बाजूला आसनक्रमांकाचे चौकोन जागा खातात, म्हणून मी मागच्या बाजूवर लिहितो. ही म्हणाली, ऑफिसचे कागद ना हे? म्हटलं, सुधारणेचाच भाग आहे.

९ जून
दुसरी सुधारणा. दहावीच्या निकालावर ४१२ तक्रारी होत्या. मी नियम सुचवला : तक्रार खोटी ठरली तर विद्यार्थ्याला एक वर्ष परीक्षाबंदी. आज शिल्लक तक्रारी नऊ. विद्यार्थ्यांचं समाधान इतक्या वेगानं कुठेच वाढलं नसेल.

संचालक म्हणाले, वीस तारखेपर्यंत शून्य करा, सुधारणा समितीचं अध्यक्षपद तुमचं. माणसाची पारख आहे त्यांना. एरवी डोक्याच्या जागी भोपळा.

१२ जून, दुपारी ३
आठ निकालात काढल्या. नववी चिवट आहे. तक्रार करणाऱ्या मुलीची आई शिवणकाम करते. सकाळी दहापासून माझ्या केबिनबाहेरच्या बाकावर बसते. मुलीला गणितात २९, पास व्हायला ३५ हवेत. बारा मार्कांची दोन गणितं पुरवणीत सोडवली होती, ती कुणी तपासलीच नाहीत, असं म्हणणं. तीस तारखेच्या आत पास दिसली नाही तर नर्सिंगचा प्रवेश जातो.

म्हटलं, बाई, पुरवणी सुटली असेल, मुलीनं नीट बांधली नसेल. तर म्हणते, साहेब, शिंपिणीची पोरगी आहे. बाकी काही चुकेल तिचं, गाठ नाही चुकायची.

तिला टाळायला मागच्या जिन्यानं उतरलो. व्यायामही होतो. उद्यापासून रोज.

१४ जून
हेडक्लार्कनं तिची उत्तरपत्रिका काढून आणली. मुखपृष्ठावर ‘पुरवण्या : १’, खाली पर्यवेक्षकाची सही. शेवटच्या पानाचा कोपरा फाटलेला. हेडक्लार्क म्हणाला, साहेब, इथे काहीतरी बांधलेलं होतं आणि कुणीतरी ओढलंय. हा माणूस तीस वर्षं हेडक्लार्कच का राहिला, ते आज कळलं. पर्यवेक्षक सवयीनं सह्या करतात आणि कोपरा मुलीनंच फाडला, हे उघड आहे.

रात्री जेवताना हिला सांगितलं. ही म्हणते, रोज दोन बस बदलून कुणी खोटं बोलायला येतं का हो? हिला प्रशासन कळत नाही.

१९ जून
आदेश काढला. ‘पुरवणी अस्तित्वात नव्हती. तक्रार खोटी. एक वर्ष परीक्षाबंदी.’ जुलैच्या फेरपरीक्षेलाही मुलगी बसू शकणार नाही. वाईट वाटलं. पण शून्य म्हणजे शून्य. भोपळ्याला लगेच फोन केला, खूश झाला.

आजचा कागद अगदी भिकार. पेन अडखळतंय, मागून काहीतरी उमटल्यासारखं दिसतंय. वर कोपऱ्यातल्या भोकात दोऱ्याची गाठ. ओढली, सुटेना. नाद सोडला. उद्या कागदाच्या ठेकेदाराला कडक नोटीस.

२० जून
शिल्लक तक्रारी : शून्य. ठेकेदाराला नोटीस गेली.

२३ जून
आज माय-लेकी दोघी आल्या. जिन्याच्या तोंडाशीच गाठलं, मागच्या. शिपायानं सांगितलं असणार. मुलगी मला वाटली होती तशी उद्धट नाही. म्हणाली, सर, मी दोन्ही गणितं आत्ता तुमच्यासमोर करून दाखवते, एक कागद द्या. ड्रॉवरमध्ये होते. पण कागद देणं नियमात बसत नाही. तिनं आदेशच उलटा केला, पायरीवर बसून त्याच्या मागे दोन्ही गणितं केली. दुसऱ्यात तिसऱ्या ओळीला खाडाखोड, मग उत्तर. ७ च्या कमरेवर आडवी रेघ काढायची सवय दिसते. म्हणाली, परीक्षेतही इथेच अडले होते.

म्हटलं, घरून पाठ करून आलीस, छान. आई म्हणाली, साहेब, तुम्हाला मुलगी आहे का? म्हटलं, नाही. म्हणाली, बरं आहे.

याचा अर्थ काय, तो संध्याकाळपर्यंत लागला नाही.

१ जुलै
बाक रिकामा. कालच प्रवेश संपले. बाईंना अखेर माझी बाजू पटली असावी.

३ जुलै
संचालकांचं परिपत्रक. शिवलेली वही महाग पडते, सबब पुरवण्या पूर्ववत चालू. दोऱ्याला मात्र दोन गाठी माराव्यात. समितीचं अध्यक्षपद त्यांच्या मेहुण्याला. मला आभाराचं पत्र, त्यात माझं पद चुकलंय.

काळाच्या पुढे असलेल्या माणसाचं असंच होतं. संकल्प : रोजनिशी नीट बांधून घ्यायची. निवृत्तीनंतर हेच वाचत बसेन.

६ जुलै, संध्याकाळ
बाइंडरकडे गेलो. कापडी पाठ, सोनेरी अक्षरं. पानं लावता लावता तो थांबला. म्हणाला, साहेब, या एका पानामागं कुणीतरी गणितं केलीत. हे आत घ्यायचं की काढायचं?

१९ जूनचं पान. उलटलं. चौकोनांत आसनक्रमांक. फाइल इतक्यांदा हाताळलीय की तो पाठ आहे. दोन गणितं. दुसऱ्यात तिसऱ्या ओळीला तीच खाडाखोड, ७ च्या कमरेवर तीच रेघ. भोकात पांढरा दोरा, गाठ शाबूत. त्या गाठीत उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा.

बाइंडरच्या स्टुलावर बसून दोन्ही तपासली. पुन्हा तपासली. बारापैकी बारा.

मंडळात नेऊन द्यायचं, तर मागची बाजूही द्यावी लागेल. तिथे आदेश आहे, भोपळा आहे आणि अक्षर माझं आहे. शिवाय प्रवेश संपलेत, आता सांगून मुलीला उगाच त्रास. अशा वेळी आपणच मन घट्ट करावं लागतं.

बाइंडरला म्हटलं, आत घे.

शिवण पक्की घातलीय त्यानं. घरी येऊन दोन्ही हातांनी ओढून बघितलं. हे पान काही आता हरवत नाही.