राजेळीचा चीक

मी, जिजा शत्रुघ्न भोईर, वय ७१, राहणार उमेळे, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायचा प्रयत्न झाला, त्याबद्दल खाली लिहिले आहे.

१. राहते घर व मागची वाडी माझ्या पतीने हयातीतच माझ्या नावे केली. मुलगा विकी याचे म्हणणे, वाडी बिल्डरला द्यावी. त्यासाठी तो वर्षभर गोड बोलून सह्या मागतो आहे. विकी वाईट नाही, त्याला घाई आहे. बँकेतली ठेव व गोखिवऱ्याचा गाळा त्याला मिळावा. गाळ्याचे छप्पर गळते, ते त्याने बघून घ्यावे.

२. धाकटे दीर जयराम यांना काही नाही. कुंपण सरकवून त्यांनी जी हातभर जागा घेतली, तीच माझी भेट समजावी.

३. वाडीतल्या राजेळी केळी कुठून आल्या ते लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे पाचवे कलम कोणाला पटणार नाही.

पंधराव्या वर्षी मी माहेरच्या शेजारी सालोमीबाईंच्या वाडीत मजुरीने सुकेळी करायला जात असे. पिकलेली राजेळी सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, उलटायची, वाळली की केळीच्या सुक्या पानात बांधायची. सोलताना चीक लागून बोटे काळी पडतात. तो डाग साबणाने जात नाही, चिंचेनेही नाही. पुढे मला बघायला मिठागराकडची माणसे आली. केळीशी त्यांचा संबंध खाण्यापुरता. माझे हात बघून होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "पोरीला कातडीचा रोग हाय काय?" माझे वडील खाली बघत राहिले.

सालोमीबाई पाहुण्यांसाठी सुकेळी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या होत्या. कोणी या म्हणायची वाट न बघता आत आल्या आणि आपले दोन्ही हात सासूबाईंपुढे धरले. "माजे पन बगा. मलाबी रोग हाय काय? केलीचा चीक हाय तो, बाय. तुमाला कामाची सून पायजे का कपाटात ठेवायची?"

सासूबाई हसल्या आणि लग्न जमले. त्या दिवशी घरभर माझी माणसे होती, पण माझ्या बाजूने बोलली ती मालकीण. लग्नात त्यांनी मला लावायला राजेळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, दिले. वाडीतल्या केळी त्यांचीच पिलावळ आहे.

४. सालोमीबाई वारल्या तेव्हा परदेशातून आलेल्या त्यांच्या मुलीने, ज्युलीने, शवपेटीत त्यांना पांढरे हातमोजे घातले होते. चांगले दिसावे म्हणून. मला तेव्हा राग आला, अजूनही येतो. ज्युली परत गेली, ती पुन्हा आली नाही.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दफनभूमीत सगळ्या कबरी फुलांनी सजवतात. सालोमीबाईंची उघडी राहू नये म्हणून मी जाते. झेंडू, मेणबत्ती आणि सुकेळ्याची पुडी. आधी लोक एकमेकांना विचारत, ही भोईरांची बाई इथे कशाला? आता सरकून जागा देतात. माझ्यानंतर तिथे कोण जाणार, एवढीच मला काळजी होती.

५. सून हेमांगी हिचे माझे पटत नाही. ती नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये वाढली. सुकेळी बघून नाक मुरडते. माझ्या वाळवणाच्या मांडवावर तिने एकदा ओल्या चादरी टाकल्या, ते मी विसरलेले नाही.

गेल्या नोव्हेंबरला मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. कबरीचे कोणाला सांगितले नाही. सांगून कोण जाणार होते? पडून राहिले आणि रडले. नंतर दफनभूमीची देखभाल करणारे ॲन्सेल्म भेटायला आले. म्हणाले, "तुमची सून आलती ना. वारा लय होता. मेनबत्तीला हाताचा आडोसा करून बसली होती. पुडी पन ठेवली."

पुडी कुठली ते मला कळेना. घरातली सुकेळी मागच्या मोसमातच संपली होती. घरी आले तेव्हा हेमांगीने चहा आणून दिला. कप धरलेली तिची बोटे काळी होती.

सबब राहते घर व मागची वाडी मी हेमांगी विकी भोईर हिच्या एकटीच्या नावे करते. अट कोणतीही नाही. विकायची झाली तर तिने विकावी. विकीने यावर तंटा करू नये.

६. माझे क्रियाकर्म रीतीप्रमाणे करावे. शेवटची अंघोळ हेमांगीने घालावी. माझे हात घासत बसू नये.

हा मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. खालील दोघांसमोर सही केली व माझ्यासमोर त्यांनी केली.

जिजा शत्रुघ्न भोईर (सही)

साक्षीदार:
१. ॲन्सेल्म फर्डिनंड लोपीस (सही)
२. हंसा बळीराम म्हात्रे, शेजारीण (सही)

उमेळे, वसई
१७ जानेवारी २०२५