कोरी वीत

सोमवार
आलो एकदाचा! मकबरा पाहिला आणि प्रवासाचा शीण पळाला. घुमटाखाली चुन्यात कोरलेल्या अरबी अक्षरांचा पट्टा फिरतो, तो मी दुरुस्त करायचा. इतरत्र अशा पट्ट्यांवर बहुधा प्रार्थना असते. इथे बांधणाऱ्या कारागिरांची नावं आहेत, ज्यानं त्यानं आपापल्या हातानं कोरलेली. शेवटची पाच तेवढी एकाच हाताची : बाप, तीन मुलं, बायको. गडी भलताच कुटुंबवत्सल! त्यापुढे वीतभर जागा कोरी, आणि पट्टा संपला. राहायला शेजारचीच खोली मिळालीय, उजेड भरपूर. शनिवारी बायको चिमणीला घेऊन येईल. पोरीला सहावं लागलंय. परवाच तिला या लिपीत स्वतःचं नाव लिहायला शिकवलं. आता दिसेल तिथे गिरवते.

मंगळवार
काम झकास चाललंय. अक्षर पातळ कागदावर उतरवायचं, रेषेवर सुईनं भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची. ठिपके उमटले की कोरणी चालवायची. मदतीला इथला म्हातारा गवंडी आहे, तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं. त्यानं बजावलं, कोऱ्या वितीला हात लावायचा नाही. का, ते सांगेना. मी काय वीस वर्षं गोट्या खेळलो?

बुधवार
म्हातारा जेवायला गेला तेव्हा कोऱ्या जागेत माझं नाव कोरलं. आमच्या धंद्यात जिथे मुळात काही नव्हतं तिथे रेघसुद्धा ओढत नाहीत, ठाऊक आहे. पण त्याचा तोरा उतरवायचा होता. आणि नाव असं फक्कड बसलं की माझं मलाच कौतुक वाटलं. त्यानं येऊन पाहिलं, हत्यारं गोळा केली आणि निघून गेला. ब्याद टळली.

गुरुवार
माझ्या नावापुढे पुन्हा वीतभर कोरी जागा. काल तिथे नुसता दगड होता, शपथेवर सांगतो. टेबलावर सुईनं टोचलेला कागद सापडला. उजेडासमोर धरला. चिमणीचं नाव, वळण माझंच. माझ्या उजव्या हाताची बोटं कोळशानं काळी. मी हे केलेलं नाही.

शुक्रवार
गवंड्याकडे गेलो. दार अर्धंच उघडलं त्यानं. म्हणाला, त्या पाच नावांचा धनीही तुमच्यासारखाच शहाणा. आधी स्वतःचं कोरलं, मग हात ऐकेना. त्यानंतर घरातल्या ज्याचं नाव पुरं होई ते माणूस त्याच दिवशी जाई. पोरं गेली, बायको गेली; कोरायला हात हवा म्हणून तो तेवढा सगळ्यात शेवटी. मला बघून थुंकला आणि कडी लावली.
बायकोला फोन केला, येऊ नका म्हणून. ती वैतागली. सकाळी मीच निरोप पाठवला म्हणे, नक्की या, चिमणीला आणाच. दोघी गाडीत बसल्यात. फोन लागत नाही आता. मला फार भीती वाटतेय.

शनिवार
डाव्या हातानं लिहितोय. उजवा खाटेला बांधलाय. माझं नाव खरवडायला गेलो तर कोरणी उलटी फिरली, तळव्यात घुसली. रक्त नाही आलं. चुना आला —

गाठ सुटलीय. मी परांचीवर, पट्ट्यासमोर. वही गुडघ्यावर, डावा लिहितोय, उजवा कोरतोय. थांबत नाही. एकच अक्षर उरलं —

खाली चिमणी. शिडी चढतेय. ओरडलो, नको येऊस — आवाजच —

आली. आपलं नाव ओळखलं तिनं. हसतेय. शेवटचं अक्षर मीच काढणार म्हणते. कोरणी मागतेय. उजवा हात ती तिच्या मुठीत देतो —