जीभ काइलीचीच

१ सप्टेंबर, रविवार
नवी वही. आजपासून फॅक्टरीच्या कॅन्टीनची पालेभाजी बंद. तीन वर्षं सोसलं. आमची लिआंगकाकू भाजी शिजवत नाही, तिला अंघोळ घालते. उकळत्या पाण्यात बुडवायची, शंभर आकडे मोजायचे, बाहेर काढायची. वर तेलाचा थेंब. मीठ बहुतेक शेजारच्या फॅक्टरीत पडत असावं. आज तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, भाजीला भाजीची चव असते रे, तुम्हा डोंगराकडच्यांना मिरचीचीच तेवढी कळते. चल, पुढचा! मागे चाळीस जण उभे होते. म्हणून ताट घेऊन पुढे सरकलो.

४ सप्टेंबर
आईचा फोन. गावी, काइलीत, बसस्टँडसमोर गाळा बघितलाय. आमच्या चांद्र नववर्षाला मी घरी गेलो की आंबट रश्श्याचं दुकान. बरण्या आई घालणार, रस्सा मी करणार. आमच्याकडे बरणी उघडली की पहिला चमचा माझा, अगदी लहानपणापासून. मी मान हलवली तर वाढायचं, नाहीतर झाकण परत. आई म्हणाली, आ-शेंग, गाळा घेतेय तो तुझ्या जिभेच्या भरवशावर. म्हटलं, निर्धास्त राहा.
शाळा सहावीत सुटली. जीभ पदवीधर आहे.

१५ सप्टेंबर
पार्सल आलं. यंदा आंबवलेल्या मिरची-टोमॅटोची छोटी बरणी आणि झेअर्गनची मुळं. मुळं सोडताच वरच्या खाटेवरून ज्याओदादा ओरडला, कोण मेलंय? हा हनानचा, गव्हाच्या पावावर वाढलेला. म्हटलं, दादा, ही भाजी आहे. तर म्हणे, भाजी आहे तर तिला मेलेल्या माशाचा वास का येतो? अडाणी माणूस. त्याच्या नाकावर टिच्चून दोन वाट्या खाल्ल्या.
दुसरी अर्धी राहिली. पोट भरलं होतं.

१७ सप्टेंबर
तोंड आलं. गोंदामुळे. दिवसभर बुटांच्या तळव्यांना गोंद लावायचा, मग दुसरं काय होणार? लिआंगकाकू म्हणाली, उष्णता आहे ही, मिरची बंद कर. आणि ताटात पालेभाजी लोटली. औषध म्हणून खाल्ली. औषध बंदीत मोजायचं नसतं.

९ ऑक्टोबर
तोंड कधीच बरं झालं. भाजी चालू आहे. औषध मधेच सोडलं की उलटतं.

३ नोव्हेंबर, रविवार
आईने विचारलं, बरणी कशी लागली? म्हटलं, झकास. ती म्हणाली, यंदा आंबट जरा कमी आलंय का रे? म्हटलं, मी तेच म्हणणार होतो. ती म्हणाली, धाकटी शाओयान म्हणते बरोबर आहे, पण तिला काय कळतंय. तू म्हणतोस ना, मग दुकानाच्या बाराही बरण्या चुलीशेजारी सरकवते. उबेला अजून मुरतील.
बरं वाटलं. घरात अजून शब्दाला वजन आहे.
(खाटेखालची बरणी उघडायची राहिलीय. रविवारी नक्की.)

८ डिसेंबर
थंडी पडली की पालेभाजीचा देठ गोड होतो. आवडतो असं नाही. शत्रूची माहिती असावी म्हणून लिहून ठेवतो. काकूने न मागता दुप्पट वाढली. बाईमाणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही.

२२ डिसेंबर
ज्याओदादाने बरणी उघडली. पावाला लावून रोज खातो. म्हणतो, शेंग, तुझी आई जादूगार आहे, अजून मागव. त्याला मोठ्या मनाने सगळी देऊन टाकली.

१८ जानेवारी
सुपरवायझरला सांगितलं, मी आता परत येत नाही, माझं दुकान निघतंय. तो म्हणाला, तुझा एप्रन खुंटीला राहू दे. कुचका माणूस. लिआंगकाकूलाही सांगितलं. ती म्हणाली, जा बाबा, सुखी राहा. डोळे का भरले कळेना. वाफेने असेल. तिचे म्हणतोय.

२८ जानेवारी, नववर्षाची आदली संध्याकाळ
घरी. आईने दुकानाची पहिली बरणी उघडली. सगळे गोल उभे. चमचा माझ्या हातात दिला.
घशाखाली उतरेना. नाकातून, डोळ्यांतून पाणी. अंगणात जाऊन थुंकलो. म्हटलं, गोंदामुळे जीभ बधिर झालीय. आईने चमचा धुतला आणि शाओयानला दिला. तिने चाखलं आणि हळूच म्हणाली, आई, हे आंबून फार पुढे गेलं गं. तेव्हाचं बरोबर होतं. आई म्हणाली, दादा म्हणाला होता, आंबट कमी आहे. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटातल्या माशाकडे बघत होतो.
रात्रीचं जेवण जाईना. आईने माझ्यापुरती वेगळी पालेभाजी केली. नुसत्या पाण्यात उकडून, आजाऱ्याला देतात तशी. दोन वाट्या खाल्ल्या. चांगली लागली, हे लिहायला नको होतं.

२ फेब्रुवारी
शाओयानने ताजे टोमॅटो आणि तांदळाचं पाणी घालून चार बरण्या सावरल्या. आठ ओतून दिल्या. गाळा ठरला. रस्सा शाओयान करणार. आई म्हणाली, तुझं तिकडे नीट बसलंय, तू तिकडेच बरा.
म्हटलं, मी तेच म्हणणार होतो.
पुन्हा पार्सल पाठवू का, ते तिने विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

१० फेब्रुवारी
ड्यूटीवर हजर. एप्रन खुंटीलाच होता.
दुपारी रांगेत पहिला. पालेभाजीला आज मीठ जरा जास्त होतं. लिआंगकाकूला तोंडावर सांगितलं.