चांदणी केव्हा लावावी

रवि. २३ नोव्हें.
हे प्रभो, लेखणी हाती घेण्यापूर्वी तुझी कृपा मागतो. जे खरे आहे ते लिहवून घे. जे केवळ माझे आहे ते गाळून टाक.

आता विषय. उपासनेहून परतलो तो गॅलरीत चांदणी. लाल कागदाची, पाच टोकांची, आत दिवा. अनुप-मधुराच्या लग्नाला नऊ महिने झाले. सूनबाईंचा या घरातला हा पहिला नाताळ. हौस समजू शकतो. पण नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळसुद्धा अजून सुरू झालेला नाही, आणि या घरात चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळपूर्वी चांदणी लागत नाही. माझ्या लहानपणापासून लागलेली नाही. तसे सांगितले. आवाज चढवला नाही. ‘बरं, बाबा,’ म्हणाली, स्टुलावर चढली, चांदणी उतरवून पुन्हा खोक्यात ठेवली.

सौ. म्हणाली, ‘तुमचं बरोबर असेल हो. पण जेवणं झाल्यावर बरोबर असतात तर चाललं नसतं?’

चालले नसते.

सोम. २४ नोव्हें.
सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर सेक्रेटरींचा प्रस्ताव: एक डिसेंबरपासून लॉबीत ख्रिसमस ट्री. इमारतीतले एकमेव ख्रिस्ती घर आमचे, म्हणून माझे मत मागवले. दिले. मजकूर बरा साधला, सबब सारांश येथे उतरवतो. सजावट हे आगमनाचे चिन्ह होय. पाहुणा गावाहून निघण्यापूर्वीच त्याचे ताट वाढून ठेवले तर अन्न निवते, आणि तो दारात येतो तेव्हा वाढणारे कंटाळलेले असतात. सव्वीस तारखेला ज्यांचे झाड माळ्यावर जाते त्यांनी नाताळ पाळलेला नसतो, डिसेंबर पाळलेला असतो. नाताळ पंचवीसला संपत नाही, सुरू होतो.

सेक्रेटरींनी अंगठा पाठवला. तो संमतीचा की निरोपाचा, कळावयास मार्ग नाही.

लिफ्टमध्ये शेजारच्या जोगळेकरबाई: ‘काय सर, तुमची चांदणी एका दिवसात मावळली? आमचा आकाशकंदील बघा, त्रिपुरी पौर्णिमा उलटून गेली तरी लटकतोय. आमच्याकडे शिस्त लावायला कुणी नाही ना!’

गुरु. २७ नोव्हें.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. मधुरा जोगळेकरबाईंकडे घट मांडायला मदतीला गेली होती. सकाळच्या चहाला आम्ही दोघे आणि अनुप. तो बराच वेळ बिस्किट नुसतेच हातात धरून होता.

‘बाबा, बिबवेवाडीत एक फ्लॅट बघितलाय. मधुराच्या आईच्या घरापासून दोन गल्ल्या. मालकांना नाताळपर्यंत उत्तर हवंय.’

‘इथे जागा अपुरी पडते?’

‘जागा भरपूर आहे. पण ती पाहुण्यासारखी राहते हो. कशाला हात लावावा, कशाला नाही, याचा अंदाज घेत.’

‘हे चांदणीवरून?’

‘चांदणीवरून नाही. चांदणीपर्यंत.’

सौ.ने कप उचलले, मोरीत ठेवले आणि तिथेच उभी राहिली. एकुलता मुलगा. मी पेपर उघडला. काय वाचले ते स्मरत नाही. नियम योग्य आहे, याविषयी मनात शंका नाही. परंतु

रवि. ३० नोव्हें.
आगमनकाळाचा पहिला रविवार. सौ.ने सुरूच्या डहाळ्यांचे कडे केले, त्यात चार मेणबत्त्या रोवल्या. आज एक पेटवायची, पुढल्या रविवारी दोन, असा चढता क्रम. मी प्रार्थनेचे पुस्तक आणावयास आत गेलो आणि परत येतो तो चारही पेटलेल्या! मधुरा काडेपेटी मिटत होती. क्रम तिला कोणी सांगितलेलाच नव्हता.

‘आज एकच,’ मी म्हणालो. ‘बाकीच्या तीन विझव.’

ती वाकली, आणि तशीच थांबली. ‘बाबा, फुंकर मारू? आमच्याकडे दिव्याला फुंकर मारत नाहीत.’

अनुप फुंकर मारायला पुढे झाला. त्याला मीच हाताने अडवले. का? माझ्या आजीने बाप्तिस्मा घेतल्यावर आयुष्यभर एक रविवार चुकवला नाही; पण दिव्याला तिने कधी तोंडाने मालवले नाही, आम्हालाही मालवू दिले नाही. पेटवलेली वात आपली आपण संपू द्यायची. शास्त्रात हे कोठेही नाही. तरी माझा हात आडवा गेला.

मग काय, चार माणसे चार मेणबत्त्यांभोवती, त्या संपेपर्यंत. प्रार्थना संपली, दोन गीते संपली, मेणबत्त्या संपेनात.

सौ. म्हणाली, ‘बरं झालं. चारही रविवार एकदम आटोपले.’ मधुरा खळखळून हसली. आठ दिवसांत प्रथमच. मी हसलो नाही. हसावयास हवे होते.

मंगळ. २ डिसें.
‘शास्त्रात कोठेही नाही’ हे स्वतःचेच वाक्य दोन दिवस टोचते आहे. तेव्हा चांदणीचीही तपासणी केली. बायबलची दोन मराठी भाषांतरे आणि एक संस्कृत समोर मांडून बसलो. चोवीस तारीख नाही. तारीखच नाही. उलट, पूर्वेकडच्या त्या ज्ञानी पुरुषांना येशूजन्माचा तारा आधी दिसला, आणि मग ते उंटांवर बसून निघाले. (उंट शास्त्रात नाहीत. ते चित्रकारांचे.) म्हणजे तारा लावणाऱ्याने तो पुष्कळ आधी लावला होता. हे निरीक्षण मला सोयीचे नाही, तरीही नोंदवतो.

गुरु. ४ डिसें.
नाशिकला आक्काला फोन केला. थोरली बहीण, वय पंच्याऐंशी, स्मरण माझ्याहून लख्ख. विचारले, आपल्या घरचा चोवीस तारखेचा नियम अण्णांनी (आमच्या वडिलांनी) कोणत्या आधाराने घातला होता?

‘आधार? कसला आधार रे? अण्णा तिकडे तालुक्याच्या शाळेत एकटे राहायचे. त्यांना सुट्टी चोवीसला लागायची, संध्याकाळच्या एस.टी.ने यायचे. आई म्हणायची, ते आल्याशिवाय चांदणी लावायची नाही. एका वर्षी त्यांना वीसलाच सोडलं, तर वीसला लावली. तू तीन वर्षांचा होतास, चांदणीचं टोक चावून ठेवलं होतंस!’

फोन ठेवला. चर्चच्या मंडळीत आजवर किती जणांना मी हा नियम आगमनकाळाचे तत्त्व म्हणून सांगितला असेन! ते एस.टी.चे वेळापत्रक होते.

परंतु, नीट पाहता, तत्त्वाहून कमी नव्हते. एक माणूस घरी पोचावयाचे आहे, म्हणून घर अंधारात थांबले.

रवि. ७ डिसें.
दुसरा रविवार. नव्या मेणबत्त्या, आज दोन. क्रमाची अनुपकडून उजळणी घेऊनच काडेपेटी त्याच्या हाती दिली.

जेवताना मधुराला आक्काने सांगितलेले सर्व सांगितले. चावलेल्या टोकासह. मूळ नियम इतकाच, म्हणालो, की घरातले सगळे घरी असावेत.

ती ताटात बघत म्हणाली, ‘मला वाट बघायचं काही वाटत नाही, बाबा. आमच्याकडेही चार गुरुवार असतात, उद्यापन पहिल्याच गुरुवारी कुणी करत नाही. पण पहिल्या गुरुवारी आई जवळ बसवून कहाणी सांगायची. तुम्ही नुसती तारीख सांगितलीत.’

‘कहाणी मलाच ठाऊक नव्हती,’ मी म्हणालो. हे खरे उत्तर होते, म्हणून दिले. पुढे म्हणालो, ‘यंदा दिवस तू ठरव.’

तिने अनुपचा फोन घेऊन त्याचे ऑफिसचे वेळापत्रक काढले. चोवीसला त्याला सुट्टी नाही. सगळे दिवसभर घरी, असा नाताळाआधीचा शेवटचा दिवस रविवार, एकवीस.

सौ. मला म्हणाली, ‘सासऱ्यांचा नियम हिला तुमच्यापेक्षा बरा कळला.’ माझे वैयक्तिक मत अजूनही चोवीसच. विचारले तर सांगेन. विचारले नाही तर

रवि. २१ डिसें.
चांदणी लागली. मधुरा स्टुलावर, अनुपच्या हाती वायर, मी स्टूल धरून. सूचना दोनच केल्या. एक ऐकली गेली. गव्हाणीही मांडली, मेंढरे, मेंढपाळ, सगळे. बाळ येशू मात्र नाही. बाळ चोवीसलाच. ते माझ्या कपाटात ठेवले असून किल्ली माझ्याजवळ आहे. सगळेच सोडून चालत नाही.

जोगळेकरबाई करंज्यांची ताटली नेण्यास आल्या. ‘उगवली वाटतं! आता मात्र आमचा कंदील उतरवते. दोन्ही शेजारी शेजारी म्हणजे लग्नाचा हॉल वाटेल.’

फ्लॅटविषयी दिवसभरात कोणी शब्द काढला नाही. मी विचारले नाही. विचारण्याचा अधिकार आहे असे वाटले नाही, आणि ऐकण्याचे धैर्यही नव्हते.

मंगळ. २३ डिसें.
सकाळी अनुप म्हणाला, ‘बाबा, आम्ही बिबवेवाडीला परत एकदा बघून येतोय. येता? तुम्ही बघितल्याशिवाय मालकांना काही सांगणार नाही.’

गेलो, सौ.ही आली. तिसरा मजला. दोष शोधण्याच्याच इराद्याने सर्व खोल्या हिंडलो. स्वयंपाकघरातले फडताळ उंच आहे, याव्यतिरिक्त काही सापडले नाही. घर चांगले आहे. लिहिताना जड जाते, पण चांगले आहे.

मधुरा पूर्वेच्या गॅलरीत उभी होती. मी बाजूला जाऊन उभा राहिलो. खाली शाळेच्या बसची गडबड. तिने न वळता विचारले, ‘बाबा, समजा इथे लावायची झाली चांदणी, तर केव्हा लावायची?’

‘आम्ही दोघं येऊन पोचल्यावर,’ मी म्हणालो. ‘त्याआधी लावलीत तर उतरवायला लावीन.’

ती हसली. मग डोळे पुसले. मग पुन्हा हसली.  फ्लॅट घेणार का, हे मी विचारले नाही.

मालकांना परवा कळवायचे आहे.  परतताना गाडीत सौ.ने माझा हात धरला होता, चक्क मुलासमोर.

हे पान पुढे जे कोणी वाचतील, त्यांच्या घरी या दिवसांत कोणाची वाट पाहिली जात असेल तर ते माणूस सुखरूप पोचो. ज्यांच्या घरून कोणी निघणार असेल, त्यांच्याजवळ मागे उरणाऱ्यांना पुरेल इतकी शांती प्रभू ठेवो. आमेन.