तिसरा डबा

नागपूर, मंगळवार, सायंकाळ

करुणासागर तथागतांना वंदन. खरे तेवढेच लिहिण्याचे बळ त्यांनी द्यावे.

नात तीन महिन्यांची झाली आणि तिचे वजन वाढण्याऐवजी घटले. सुनेच्या औषधांमुळे डॉक्टरांनी तिचे अंगावरचे दूध बंद केले, तेव्हा बाळाला पाजण्याचे काम मी मागून घेतले. बाळ अंग धरेना म्हणून सीताबर्डीच्या दुकानातून दोनदा दुधाची पावडर बदलून आणली. हा तिसरा डबा. डबाच चुकीचा, अशी माझी ठाम समजूत.

आज दवाखान्यात सिस्टरने विचारले, "आजी, एका चमच्याले पाणी किती टाकून राहिल्या तुम्ही?"

"साठ मिलिलिटर. गाईच्या दुधातही आम्ही निम्मे पाणी घालत असू."

"अवो आजी, तीस पाहिजे! लेकरू पाणीच पिऊन राहिलं ना!"

सुनेने बाळाला उचलून छातीशी धरले. तिने मला बोल लावायला हवे होते.

साठ. तीनही डब्यांवरील घटक मी भिंग लावून वाचले. कृतीची ओळ मात्र ठाऊकच आहे, असे मानून ओलांडली. आयुष्यभर विहारात पाली सूत्रांचे अक्षर न् अक्षर उलगडून सांगणारी मी! नात रडायची आणि मी म्हणायचे, दूध पचत नाही. ती भूक होती. साठ, दिवसातून आठ वेळा. कोणत्या तोंडाने तिला मांडीवर घेऊ?

आताची बाटली सुनेने स्वतः केली. मला हाक मारली नाही.

हे पान ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याच्या घरचे लेकरू पोटभर पिऊन निजो.